चार मापटी गुळाची कहाणी

ऐक मापाई, तुझी कहाणी. बायांनो, हातातल्या अक्षता सांडू नका, ही कहाणीच मापाची आहे.

आटपाट एक नगर, नगराला एक राणी. तिच्या महाली दळणकांडण करायला भिवरा नावाची गरीब बाई येई. अधिक महिना लागला. राणीची लेक नवी लग्नाची, भिवरेचीही लेक नवी लग्नाची. दोघींना जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं होतं.

मग एक म्हातारी महालाच्या दारी आली. हातात करवंट्यांचा ताजवा. म्हणाली, "राणीबाई, मापाईचा वसा घे."

"तो कसा करावा?"

"एका करवंटीत गूळ घालावा, दुसरीत तेवढ्याच पळ्या पीठ. हलकं पारडं पाहावं, दांडी सरळ होईतो त्यात भर घालावी, भर ध्यानी ठेवावी. महिनाभर रोज करावं."

राणी हसली. "माझं मापटं चांदीचं. माप ते माप, त्याला तोलायचं काय?"

म्हातारी मागच्या दारी गेली. तिथं भिवरा उखळाशी होती. ती म्हणाली, "आजी, तो वसा मला द्या."

"उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

म्हातारीनं ताजवा तिला दिला. भिवरेच्या घरी गूळ दोनच पळ्या. पहिल्या दिवशी दोन पळ्या गूळ, दोन पळ्या पीठ घातलं, गुळाचं पारडं खाली गेलं. तिसरी पळी पीठ घातलं, दांडी सरळ झाली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. तोच गूळ रोज तोलायचा, तोच परत डब्यात ठेवायचा.

इकडे राणीनं पीठ करवलं. सासूनं सांगून ठेवलं होतं, "पिठाइतका गूळ घालावा." सासू तोलून घालायची, हे सून विसरली. चांदीच्या मापट्यानं चार मापटी पीठ घेतलं, चार मापटी गूळ घेतला, मळून ठेवून दिलं.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. जावयाची पालखी वेशीत आली. राणीनं कढई चढवली. पहिला अनारसा सोडला, तो विरघळला. दुसरा सोडला, त्याचा चुरा झाला. तिसरा सोडला, तूपच काळं झालं. अनारसा कढईत हसला, की करणारणीला रडू येतं. तसं राणीला आलं. तांदूळ भिजायला तीन दिवस लागतात, आणि अधिक महिना गेला की तीन वर्षांनी येतो.

भिवरा चाळणी घेऊन उभी होती. तिच्या घरी अनारशांचं पीठ तयार होतं, दोन मापटी. गूळ तेवढा मिळाला नव्हता. ते तिच्या लेकीचं वाण. द्यावं तर आपली लेक राहते, न द्यावं तर दुसरीची राहते. तिचा जीव तुटला. मग ती बोलली.

"बाईसाहेब, दोन मापटी गुळाला तीन मापटी पीठ लागतं. तुमचा गूळ चार, तर पीठ हवं सहा. दोन मापटी कमी पडलंय. तेवढं माझ्या घरी आहे."

"आणि तुझी लेक?"

"तिची आई गरीब आहे, हे तिला ठाऊक आहे."

भिवरा धावत गेली, धावत आली. पीठ मिसळलं, मळलं, खसखशीवर थापलं. पहिला सोडला, तो फुलला. दुसरा सोडला, त्याला जाळी पडली. तिसरा सोडला, मग हात थांबेनात. बायांनो, महालभर वास सुटला.

राणीनं मोजले, अडुसष्ट भरले. तेहतीस चांदीच्या ताटात ठेवले. दुसरं चांदीचं ताट मागवलं, तेहतीस त्यात ठेवले, वर दिवा लावला. म्हणाली, "पीठ तुझं, गूळ माझा. हे तुझ्या जावयाचं वाण."

दोन अनारसे उरले. राणीनं भिवरेचा ताजवा मागून घेतला, एक या करवंटीत ठेवला, एक त्या करवंटीत ठेवला. दांडी सरळ राहिली. राणी ती पाहत राहिली, मग भिवरेला म्हणाली, "बाई, तो वसा मला सांग."

मापाई, भिवरेला पावलीस, राणीला पावलीस, तशी ऐकणारणीला पाव, सांगणारणीला पाव. कुणाची लेक वाणावाचून राहू नये. ही साठां मापांची कहाणी पांचा मापांत भरली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.