चेअरमनसाहेबांची कवळी

तीन वर्षांची चिमी तापाने फणफणली होती. घसा एवढा सुजला की पाणीसुद्धा उतरेना. दवाखाना तालुक्याला, आणि गावात जीप एकच, डेअरीच्या चेअरमनसाहेबांची. पोरीला कडेवर घेऊन शेवंता सासूबरोबर त्यांच्या दारात गेली.

साहेब झोपाळ्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "जीप कशाला गं? माझाही घसा असाच धरला होता. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्यात. अर्धी अर्धी घाल तिला."

शेवंताला कळेना, एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

तोवर बोळक्या तोंडाची गोदाबाई, तिची सासू, पुढे सरसावली. "द्या की साहेब. आणि तुमची कवळीही द्या. मलाही भाकरी चावून खायचीय."

"म्हातारे, शुद्धीवर आहेस का? कवळी माझ्या तोंडाचं माप घेऊन केलीय!"

"आन् गोळ्या काय माझ्या नातीचं माप घेऊन आणल्या होत्या?"

साहेबांच्या उघड्या तोंडात कवळी तेवढी चमकत राहिली. मग त्यांनी ड्रायव्हरला जीप काढायला हाक मारली.

दवाखान्यात डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी चिमीला वजनकाट्यावर बसवलं. गोदाबाईने सुनेला कोपराने ढोसलं, "बघ, माप घेतायत."