ठकू मुंगीचा दाणा

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. वैशाख संपत आला होता. डोंगरउतारावर फणस पिकले होते.

ठकू मुंगी दाणा घेऊन निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दाणा डोंगळेआजोबांचा. थंडीत त्यांनी तो उसना दिला होता. आज आजोबा उपाशी होते.

वाटेत दाणा निसटला. टप टप टप. धोंड्याखाली अडकला.

"धोंडेमामा, धोंडेमामा, सरका की! माझा दाणा मिळेना."

"उंच बसलोय. पोटात जोर निजलाय. ओंडका धडकू दे, मग जागा होईल."

ठकू वर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ओंडकेदादा, ओंडकेदादा, गडगडा की! धोंडा सरकेना, माझा दाणा मिळेना."

"उंच बसलोय. पोटात जोर निजलाय. फणस आदळू दे, मग जागा होईल."

ठकू झाडावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"फणसकाका, फणसकाका, पडा की! ओंडका गडगडेना, धोंडा सरकेना, माझा दाणा मिळेना."

"काय घाई गं तुला! उंच लटकलोय. पोटात जोर निजलाय. देठ सुटू दे, मग जागा होईल."

ठकू अजून वर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"देठभाऊ, देठभाऊ, सुटा की! फणस पडेना, ओंडका गडगडेना, धोंडा सरकेना, माझा दाणा मिळेना."

"सैल झालोय, पण उगाच नाही सुटणार. वरून कुणी पडू दे माझ्यावर."

"कोण पडणार?"

"तूच."

"मी? एवढीशी? माझ्या पोटात कुठला जोर!"

"चढ तर खरी. जेवढी उंच जाशील, तेवढा जोर साठेल."

ठकू चढली. शेंड्यापर्यंत चढली. खाली बघितलं. बाप रे!

पण आजोबा उपाशी होते.

"आले हो देठभाऊ!"

टुणुक!

ठकूचा जोर जागा झाला. ठकू पडली, देठ सुटला. कट्!
देठ सुटला, फणस पडला. धप्प!
फणस पडला, ओंडका गडगडला. गड गड गड!
ओंडका गडगडला, धोंडा सरकला. घर्रर्र! थेट ओढ्यात. डुबुक!
धोंडा सरकला, दाणा मिळाला.

आता सगळे खाली. जोर धावून धावून दमला.

ठकूने दाणा उचलला. तुरुतुरु, तुरुतुरु.

"घ्या आजोबा, तुमचा दाणा."

"आणलास? बरं झालं."

आजोबांनी दाणा खाल्ला. कुडुम कुडुम.

उसनं फिटलं.