मान सोडवणारी चांगुआय

खाडीकाठी पहिली मिठागरं बांधली, तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे किती वर्षांपूर्वीची, ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही. गावातल्या बाया डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत आणि त्यांच्या माना आखडत. मग त्या चांगुआयकडे जात.

चांगुआय मान कधी ओढत नसे. बाईला उताणी निजवायची, मानेखाली गरम मिठाची पुरचुंडी ठेवायची, डोक्याखाली दोन्ही तळवे घालायची आणि वाट बघायची. "माझ्या हाताला डोक्यानं ढकल, बाय. बस. आता सोड." सोडलं की मान जरा जास्त वळे. असं चार-पाचदा झालं की बाई खांद्यावरून मागे बघत घरी जाई. एकदा मान आखडलेला बगळाही तिच्या दारात रांगेत बसला होता, असं म्हणतात.

तिची सून भिमाय म्हणाली, "आत्याबाई, मला शिकवा."

लगेच गावाचे पंच बसले. "विद्या सांगितली की हातातला गुण जातो," म्हातारा हाशा पाटील म्हणाला. "मग आमच्या माना कोण सोडवणार?" त्यांनी चांगुआयला देवीच्या पायरीवर, कुणालाही शिकवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. हिचीच मान आखडली तर काय, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही.

आणि ती आखडलीच. हनुवटी छातीला टेकली. सात वर्षं चांगुआयनं आभाळ बघितलं नाही. तशीच वाकून ती गावाच्या माना सोडवत राहिली. भिमाय रोज हात पुढे करी, कसं ते सांगा म्हणे.

"नको गं," सासू म्हणे. "माझा गुण गेला तर गाव तुला जगू द्यायचं नाही."

"देव बघेल," पंच म्हणाले. देवानं काही बघितलं नाही.

ती गेली तेव्हा तिरडीवरही तिची मान सरळ होईना. "तशीच बांधा," हाशा पाटील म्हणाला.

"कुणी हात लावायचा नाही!" भिमाय ओरडली. तिनं सासूच्या डोक्याखाली तळवे घातले. तिची स्वतःची मान सासूच्या हातांत कितीदा सुटली होती, तेवढंच तिला येत होतं. भरतीचं पाणी बांधाशी येऊन थांबलं, असं म्हणतात. हळूहळू मान सुटली आणि चांगुआयचं तोंड आभाळाकडे झालं.

"सात वर्षं, पाटील," भिमाय म्हणाली. "सात वर्षं हे हात रिकामे होते."

आजही मिठाची पहिली रास पडायच्या आदल्या दिवशी गावातल्या बाया बांधावर जमतात, चांगुआयचं नाव घेतात आणि एकमेकींच्या माना सोडवतात. पोरींना शिकवतात. कुणाची परवानगी काढत नाहीत. आपलं बरोबर चाललंय का, हे मात्र त्यांना कधीच कळत नाही. ते सांगणारी एकच होती.