ताटाची डावी बाजू

"उद्याच्या पंगतीत एकानं जरी नाक मुरडलं, तर सखोबा, मुदपाकखाना सोडून चालू लागायचं!" रायाजीराजांनी फर्मावलं, आणि म्हातारा आचारी घरी आला.

दोष राजांचाच होता, पण राजांना सांगणार कोण? "राजाघरच्या जेवणाला वरून मीठ-लिंबू लागतं? शोभतं का हे!" असं म्हणून त्यांनीच ताटाची डावी बाजू बंद करवली होती. तेव्हापासून तीच आमटी दिवाणजींना मिळमिळीत लागे आणि सेनापतींना तिखटजाळ. आणि आता हुकूम काय, तर जेवण ज्याच्या त्याच्या मनासारखं हवं!

"बाबा, तुम्ही नेहमीसारखी आमटी करा. वाढायला मी येते," सखोबाची लेक ठकू म्हणाली.

पंगत बसली. प्रत्येकापुढे एक शेगडी, एक पातेलं, मूठभर डाळ, चिंच, गूळ, मिरच्या. बस्स!

"हे काय गं?" राजे गरजले.

"मनासारखं जेवण, महाराज! तिखट की गोड, पातळ की घट्ट, फोडणी आधी की नंतर, सगळं ज्याचं त्यानं ठरवायचं. नाक मुरडायचंच तर स्वतःच्या हातावर मुरडा!"

झालं! दिवाणजी शेगडी फुंकून फुंकून रडवेले झाले. सेनापतींनी मिरच्या कुस्करल्या आणि त्याच हातानं डोळे चोळले. राजांची डाळ तर बुडाला लागली. पोटात कावळे कोकलू लागले.

"पुरे गं बाई! ठरवायला लावू नकोस, जेवायला वाढ!" राजे कळवळून म्हणाले.

ठकूनं टाळी वाजवली. सखोबाची वाफाळती आमटी आली, भात आला, वर तुपाची धार. पहिल्याच घासाला दिवाणजींचं नाक सवयीनं वाकडं होऊ लागलं. सखोबाचा जीव टांगणीला लागला. ठकू लगबगीनं पुढे झाली आणि प्रत्येक ताटात डावीकडे वाढत गेली: चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, चटणी, दह्यातली कोशिंबीर.

राजांच्या भुवया चढल्या. "मी बंद केलेलं तू पुन्हा वाढलंस?"

"होय महाराज! आमटी कशी करायची ते बाबांनी ठरवलं. ताटाची डावी बाजू तेवढी जेवणाऱ्याची!"

दिवाणजींनी लिंबू पिळलं, भुरका मारला. नाक जागच्या जागी! सेनापतींनी कोशिंबीर ओढली आणि डोळे पुसत मान डोलावली.

राजे पोट धरधरून हसले. बोटातली अंगठी काढून त्यांनी ठकूला दिली. "सखोबा, आजपासून चुलीपाशी हुकूम तुझा. तिथं माझाही चालायचा नाही!"

मग ताट हळूच पुढे सरकवत म्हणाले, "पोरी, डावीकडे जरा चटणी वाढ!"