भिंतीआडचा उंबर

दुपार झाली की ढग खाली उतरून झाडांच्या शेंड्यांवर पेंगत बसतात, असे एक डोंगरातले रान होते. त्या रानात एक धनेश राहत असे. धनेश तुम्ही पाहिला आहे का? भली मोठी पिवळी चोच, चोचीवर पागोटे ठेवल्यासारखा फुगवटा, आणि उडताना पंखांचा असा आवाज, की खालचे ससे वर न बघताच म्हणतात, धनेशराव निघाले वाटतं.

धनेशांच्या घरची रीत मोठी विलक्षण असते. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच जाईल-येईल एवढी फट तेवढी ठेवते. आत बसल्याबसल्या तिच्या पंखांतली पिसे गळतात आणि नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. तोवर तिला जग दिसते ते फटीपुरते. त्या फटीत नवऱ्याची चोच येते आणि चोचीत जे असेल ते घरात येते. आमच्या धनेशिणीनेही असेच दार लिंपले होते आणि ती अगदी निर्धास्त होती. का नसावी? ओढ्याकाठचा मोठा उंबर तिच्या नवऱ्याचा होता.

तो उंबर म्हणजे धनेशाचे सारे वैभव. हिरव्या फळांनी भरलेल्या फांद्या दाखवून तो हरियल पक्ष्यांना म्हणे, "आज तुमच्या पिंपळावरची फळं द्या, माझा उंबर पिकला की दुप्पट न्या." हरियल बिचारे देत. शिवाय धनेशाला एक नोकरीही होती. सकाळी उंच सावरीवर बसून तो वानरांच्या टोळीसाठी पहारा करी. बिबट्या दिसला की ओरडायचे, एवढेच काम. त्याबद्दल वानरांचा म्होरक्या त्याला थोडीफार फळे देई.

आणि मग एका दुपारी वावटळ आली. उंबराची मुळे ओढ्याने आधीच उघडी पाडली होती. धनेश परत येऊन बघतो तो उंबर ओढ्यात आडवा पडलेला, आणि त्याची कच्ची फळे पाण्यावरून एकामागून एक चाललेली, जणू सगळी मिळून कुठल्याशा गावाला निघाली होती. धनेश कितीतरी वेळ त्यांना जाताना पाहत राहिला. त्याचे दिवाळे निघाले होते आणि ऊन मात्र पूर्वीसारखेच छान पडले होते.

त्या रानात अशा वेळेसाठी एक रिवाज होता. ज्याचे सगळे गेले, त्याने पठारावरच्या तळ्याशी जायचे आणि तिथल्या म्हाताऱ्या कासवासमोर आपल्या अंगावरचे एक पीस पाण्यावर सोडायचे. पीस तरंगत तरंगत धुक्यात नाहीसे झाले की मागची उसनवारी मिटली. ज्यांचे देणे असेल त्यांना कासव इतकेच सांगे, "आता त्याच्याकडे मागू नका." बाकी कोणाला चकार शब्द नाही. ते तळे इतके शांत होते, की तिथे आलेले प्राणी रडायचे तेसुद्धा हळूच रडत.

पीस दिसेनासे झाल्यावर धनेशाने विचारले, "आजोबा, हे म्होरक्या वानराला कळेल का हो? उपाशी पहारेकरी कोण ठेवील? आणि घरी... घरी कळेल का?"

कासवाची बोलण्याची एक तऱ्हा होती. थोडे बोलायचे, मग डोळे मिटायचे, मग पाण्यात पडलेला ढग या काठावरून त्या काठाला जाईपर्यंत थांबायचे आणि मग पुढचे बोलायचे. ते म्हणाले, "माझ्या तोंडून कोणाला काही कळायचं नाही. वानराला सांगायचं नसेल तर नको सांगूस, बाळा. त्याला तुझा आवाज हवा, तुझा उंबर कुठं हवाय?" एवढे बोलून त्याने डोळे मिटले. पुन्हा डोळे उघडून ते "पण" म्हणाले, तेव्हा समोर नुसते तळे होते. धनेश आपल्याला हवे तेवढे ऐकून केव्हाच उडाला होता.

ढोलीच्या फटीतून धनेशिणीने विचारले, "काय हो, उंबर कसा आहे?"

"लगडलाय," धनेश म्हणाला. "फांद्या जमिनीला टेकल्यात नुसत्या."

"मग हे कडू काजऱ्याचं फळ कुठून आणलंत?"

"म्हटलं, तुला चवीत बदल."

ते फळ त्याने लांबच्या डोंगरावरून, दमछाक करत आणले होते. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारले आणि धनेशाने उंबराला आणखी फांद्या फोडल्या. पुढे पुढे तर त्या झाडावर दिवसाही काजवे बसू लागले. फळ पिकले की ते घंटेसारखे वाजू लागले. आत अंड्यांतून दोन पिल्ले बाहेर आली. आईच्या कुशीत, अंधारात, ती त्या उंबराच्या गोष्टी ऐकत झोपी जात. "तुम्ही उडायला लागलात ना, की बाबा तुम्हाला तिथे नेतील," धनेशीण सांगे. ज्याचे एक पानही खरे नव्हते तो उंबर ढोलीच्या अंधारात रोज थोडा थोडा वाढत होता.

"तुम्ही जेवलात का?" ती रोज विचारी.

"हो तर! उंबरावरच जेवलो, पोटभर."

त्याच्या पोटात काहीही नसे. वानराने दिलेली फळेही तो फटीतून आत देऊन टाकी. एका सकाळी सावरीखालून वानराने हाक मारली, "धनेशराव, आवाज का बसलाय तुमचा?" धनेश म्हणाला, "थंडी बाधली." भर वैशाखात! वानराने वर सूर्याकडे पाहिले, मग धनेशाकडे पाहिले आणि तो डोके खाजवत निघून गेला. मला या धनेशाचा राग येतो, मुलांनो, आणि त्याच वेळी त्याची फार कीवही येते. घरच्यांवर त्याची माया नव्हती असे कोण म्हणेल?

अशाच एका दिवशी चोचीत एकुलते एक फळ घेऊन तो परत येत होता. घराचे झाड दिसले आणि तिथेच त्याच्या पंखांतले बळ संपले. तो झाडाच्या बुंध्याशी, वाळल्या पानांत पडला. ओरडायचेही त्राण त्याला उरले नव्हते. ऊन या फांदीवरून त्या फांदीवर सरकत गेले. वर ढोलीत पिल्ले विचारू लागली, "आई, बाबा कुठे आहेत?"

"बसले असतील उंबरावर मित्रांबरोबर," धनेशीण जरा रागातच म्हणाली. "एवढं लगडलेलं झाड सोडून यायला जड जात असेल. येतील."

पिल्ले रडली. खूप वेळ रडली. मग धाकट्याचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. खाली पानांत पडलेल्या धनेशाला ते ऐकू येत होते. धाकट्याचा आवाज थांबला तेव्हा त्याने मान वर उचलली. सगळा जीव गोळा करून तो म्हणाला, "अगं, ऐकतेस का? उंबर नाही. उंबर केव्हाच पडला. माझं सगळं गेलं. मी इथे खाली आहे आणि मला उडता येत नाही."

आतून टक् असा आवाज आला. मग टक् टक्. लिंपलेल्या भिंतीचा एक पोपडा धनेशाच्या चोचीवर येऊन पडला, मग दुसरा, आणि मग अख्खे दार कोसळले. धनेशीण उजेडात डोळे किलकिले करत बाहेर आली. तिने पंख पसरले आणि अलगद खाली उतरली. दोन्ही पंख भरलेले होते, नवे कोरे, उन्हात चमकणारे.

"तुझे पंख!" धनेश पुटपुटला.

"ते कधीचेच आलेत," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात ना, उंबर लगडलाय? म्हटलं, मग बाहेर यायची घाई कशाला. पिल्लांना ऊब मिळतेय, बसू या आणखी थोडे दिवस."

भिंतीच्या एका बाजूला तो उपाशी फिरत होता आणि दुसऱ्या बाजूला दोन धडधाकट पंख मिटून बसले होते, त्याचीच गोष्ट ऐकत. तिने पानांत पडलेले फळ उचलले आणि म्हणाली, "आ करा."

"पिल्लांना दे."

"पिल्लांना मी आत्ता आणते. तुम्ही आधी गिळा मुकाट्यानं. आणि पुन्हा माझ्यापासून काही लपवलंत तर बघा!" असे म्हणून ती उडाली आणि चोच भरून घेऊन आली सुद्धा. धाकटे पिल्लू हळूच मान वर करून खाऊ लागले, तेव्हा ती तिथेच फांदीवर बसून रडली. पिल्लांनी आतून पुन्हा आपले दार लिंपून घेतले. त्यांना ते कोणी शिकवावे लागत नाही. काही दिवसांनी धनेशाला ताकद आली आणि दोघे मिळून फटीशी येऊ लागले.

"बाबा, हे फळ त्या उंबराचं आहे?" धाकट्याने विचारले.

"नाही रे. तो उंबर आता नाही."

"मग त्या घंटा?"

"त्या मीच वाजवत होतो," धनेश म्हणाला. पिल्लाने थोडा विचार केला आणि पुन्हा चोच उघडली.

पुढे एकदा धनेश पठारावरच्या तळ्याकडे गेला. कासव डोळे मिटून बसले होते. पाण्यातला ढग पलीकडच्या काठाला लागला, तसे त्याने डोळे उघडले आणि ते म्हणाले, "पण जे तुझ्या भरवशावर दार लिंपून बसलंय, त्याला मात्र सगळ्यात आधी सांग."

"आजोबा, हे आत्ता सांगताय?"

"तू थांबला कुठं होतास?" कासव म्हणाले आणि त्याने पुन्हा डोळे मिटले.

धनेश अजूनही रोज सकाळी सावरीवर बसून पहारा करतो. त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत झाला आहे. त्याचे दिवाळे निघाले होते हे वानराला आजतागायत कळलेले नाही, आणि त्यावाचून त्याचे काही अडलेलेही नाही. तुमच्यापैकी कोणाची त्या वानराशी ओळख असेल, तर कृपा करून तुम्हीही बोलू नका.

तात्पर्य : आपले दिवाळे निघाले हे जगाला सांगायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे, पण जो आपल्या भरवशावर दार लिंपून बसला आहे त्याच्यापासून ते लपवू नये, कारण त्याला पंख फुटले आहेत की नाहीत, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.