माऊसच्या दिव्याला कुंकू

माऊसला वायरीची शेपटी असायची, तेव्हाची ही गोष्ट. संगणकावर लग्नपत्रिका तयार करणाऱ्या वत्सलाताईंनी खंडेनवमीला आपल्या माऊसची पूजा केली आणि हौसेने त्याच्या पोटाखालच्या लाल दिव्यालाही कुंकू लावलं. माऊस फुलून गेला.

दसरा उलटला आणि पडद्यावरचा बाण थरथरू लागला. मध्येच उडे, भलतीकडेच जाऊन थांबे.

“बाणच बिघडलाय,” माऊस म्हणाला. पण खरं तर त्यालाच काही दिसत नव्हतं.

“तू नेशील तिकडे मी जातो रे,” बाण रडकुंडीला येऊन म्हणाला. “कुंकवाने तुझा डोळा झाकलाय. ताईंना सांग.”

“पूजेचं कुंकू पुसायला सांगू? मग माझा मान काय राहिला?”

शेवटी वैतागून ताईंनी त्याला उचललं आणि टाकून द्यायला टेबलाचा खण उघडला. आत गेल्या वर्षीचा माऊस शेपटी गुंडाळून उताणा पडला होता. त्याच्या दिव्यावर कुंकू वाळलं होतं.

माऊस घाईने म्हणाला, “ताई, आधी माझं कुंकू पुसा हो.”

ताईंनी पदराने दिवा पुसला. बाण सरळ चालू लागला.

मग त्यांनी खणातल्या माऊसला हातात घेतलं, आणि बिघडला म्हणून टाकलेल्या त्याच्याही दिव्यावरचं कुंकू पदराने पुसलं.