पाणसळीचं खरं

समुद्र माणसांना लाजायचा आणि हळूच भरतीला यायचा, तेव्हाची ही गोष्ट. वाळूवर एक म्हातारा मचवा कुशीवर कलून पडला होता. त्याच्या पोटात जानू मेस्त्री दोन महिने खपून नवी कपाटं बसवत होता; हातात सपाटी बघायची, बुडबुड्याची पाणसळ.

"पाणसळबाई, मी कललोय गं. माझ्या कण्याला धरून माप घे," मचवा म्हणाला.

"तूच वाकडा, मेल्या! माझा बुडबुडा कधी खोटं बोलत नाही," पाणसळ फणकारली. मेस्त्रीनं तिचंच ऐकलं.

मग वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीला मचवा तरंगून सरळ झाला, आणि कपाटं सगळी तिरकी! दारं धाडकन उघडली, डबे-ताटल्या खाली कोसळल्या.

"अगो बाई! पण मी खरंच बोलले होते रे!" पाणसळ कळवळली.

"बोललीस, बाय. पण ते वाळूवरचं खरं. मला राहायचंय पाण्यात."

मेस्त्रीनं पहिलं कपाट उखडायला घेतलं.